बाटलीतला पॅरा-हायड्रोजन किती दिवस टिकतो?

प्रश्न : बारावीच्या पुस्तकाबाहेर वाचताना कळलं की हायड्रोजनचे ऑर्थो आणि पॅरा असे दोन प्रकार असतात. दोन्ही एच-टू च ना, मग वेगळे कसे? आणि वेगळे करून ठेवले तर तसेच राहतात का?

उत्तर : रेणू तोच, दोन प्रोटॉनही तेच, फरक फक्त त्यांच्या स्पिनचा (स्पिन म्हणजे प्रोटॉनचा अंगचाच गुण, त्यामुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो). दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले की ऑर्थो, एकमेकांच्या उलट असले की पॅरा. साध्या हायड्रोजनमध्ये खोलीच्या तापमानाला 75 टक्के ऑर्थो आणि 25 टक्के पॅरा असतो. आता यातली खरी गंमत अशी की ऑर्थोला फिरणं पूर्ण थांबवताच येत नाही, क्वांटमचा नियमच तसा आहे, त्यामुळे त्याच्याकडे थोडी एनर्जी कायम शिल्लक असते, आणि म्हणून उणे 253 अंशाला, जिथे हायड्रोजनचा द्रव होतो, तिथे समतोल जवळजवळ पूर्ण पॅराकडे झुकतो, 99.8 टक्के.

पण झुकतो म्हणजे लगेच होतो असं नाही! नुसते रेणू एकमेकांवर आपटून स्पिन उलटत नाही, त्याला जवळून जाणारं, असमान असं चुंबकीय क्षेत्र लागतं. 1929 साली बर्लिनमध्ये बोनहॉफर आणि हार्टेक यांनी हायड्रोजन थंडगार कोळशावर ठेवून जवळपास शुद्ध पॅरा मिळवला, मग कोळशापासून वेगळा करून गरम केला तरी तो पॅराच राहिला. (ओळखला कसा, तर दोन्ही प्रकार उष्णता कमीजास्त वाहून नेतात त्यावरून.) स्वच्छ काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बाटलीत तो आठवडेच्या आठवडे टिकतो, पण आत ऑक्सिजन शिरला किंवा लोखंडाचा गंज असला की संपला, कारण हे दोन्ही चुंबकीय.

याचा सगळ्यात मोठा फटका द्रव हायड्रोजनला बसतो. घाईघाईत थंड करून टाकीत भरला तर आत 75 टक्के ऑर्थोच असतो, आणि तो हळूहळू पॅरा होताना उष्णता सोडत राहतो, किलोला एकूण 500 किलोज्यूलच्या वर, आणि एक किलो द्रवाची वाफ करायला पुरतात साधारण 446 किलोज्यूल! म्हणजे टाकीचं इन्सुलेशन कितीही भारी असू दे, बाहेरून उष्णतेचा कणही आत आला नाही तरी पहिल्या 24 तासांत जवळपास पाचवा हिस्सा वाफ होऊन जातो. म्हणून द्रव बनवतानाच वायू फेरिक ऑक्साईडच्या कॅटॅलिस्टवरून (बदल वेगाने घडवणाऱ्या पदार्थावरून) नेतात, पॅरा आधीच करून घेतात. आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटचा वरचा टप्पाही याच द्रव हायड्रोजनवर चालतो.

पाण्यातही ऑर्थो-पॅरा आहे, पण द्रव पाण्यात रेणू आपापसात प्रोटॉन सतत बदलत असतात, त्यामुळे बाटलीत वेगळं ‘पॅरा-पाणी’ भरून ठेवता येत नाही, तसं कुणी विकायला आलं तर घेऊ नका.