लवचिक भाषा मोठ्या टीमला झेपते का?

पायथन, रूबी, जावास्क्रिप्ट अशा लवचिक भाषेत शंभरेक जणांनी मिळून मोठा प्रोजेक्ट करावा का, असं तुम्ही विचारलंय. करता येतो. पण भाषेने दिलेली सगळी मोकळीक वापरायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

बहुतेकांना धास्ती असते ती टाइप नसण्याची, म्हणजे कुठली व्हॅल्यू आकडा आहे की मजकूर हे कोडमध्ये आधी लिहिलेलं नसण्याची. त्यावर इलाज आहे: टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप असलेली जावास्क्रिप्ट, २०१२ मध्ये आली, पायथनमध्ये २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून टाइप हिंट्स (कोडमध्ये टाइप लिहायची सोय) आहेत.

माझ्या मते त्याहून मोठा धोका म्हणजे कुठल्यातरी लांबच्या फाइलमधून दुसऱ्याच्या कोडचा अर्थ बदलता येणं. रूबीत कोणीही भाषेच्याच स्ट्रिंग (मजकुराच्या) क्लासमध्ये मेथड, म्हणजे फंक्शन, घालू शकतो. दोन लायब्ररींनी एकाच नावाची घातली, तर नंतर लोड होणारी टिकते. लोड होण्याचा क्रम बदलला की कोणी हातही न लावलेल्या फाइलमध्ये बग उगवतो. जावास्क्रिप्टमध्ये तर खुद्द भाषेलाच याचा फटका बसला. मूटूल्स लायब्ररीने अ‍ॅरेला (व्हॅल्यूंच्या यादीला) स्वतःची 'फ्लॅटन' मेथड जोडली होती. पुढे भाषेत त्याच नावाची मेथड आणायची म्हटल्यावर जुन्या वेबसाइट मोडायला लागल्या आणि २०१८ मध्ये नाव बदलून 'फ्लॅट' करावं लागलं.

म्हणून आपल्या नसलेल्या क्लासला हात लावायचा नाही. इलाजच नसेल तर असे सगळे बदल (पॅच) एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि लायब्ररीची आवृत्ती बदलली की फेल होईल अशी टेस्ट प्रत्येकाला जोडा. हा नियम रिव्ह्यू करणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. तो लिंटरमध्ये (कोडमधले नियमभंग शोधणारं टूल) घाला आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) नियम मोडणारा कोड मर्ज होण्यापासून अडवा.

टाइप आणताना सर्वांत जास्त ठिकाणी इम्पोर्ट होणारी मॉड्यूल्स आधी घ्या. नव्या फाइलींना सक्ती करा. जुन्या फाइलींची सवलतीची यादी करा आणि ती फक्त घटू द्या. 'एनी'वर, म्हणजे 'काहीही चालेल' या टाइपवर, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. पायथनमध्ये जेसन (डेटाचा एक मजकुरी फॉरमॅट) वाचणारं फंक्शन एनी परत करतं. ती व्हॅल्यू जिथे जिथे जाते, तिथे टाइप तपासणारा चेकर गप्प बसतो आणि सीआय हिरवंच दिसतं. हिंट्स प्रोग्रॅम चालताना काहीच तपासत नाहीत, त्यामुळे बाहेरून आलेला डेटा आत घेतानाच पडताळून ठराविक टाइपमध्ये बदलावा.

एवढी शिस्त सीआयमध्ये बांधायला टीम तयार नसेल, तर गो ही भाषा घ्या. तिथे दुसऱ्या पॅकेजमधल्या टाइपला मेथड जोडायला कंपायलरच नकार देतो.