शेजारी आपल्या विश्वासाविरुद्ध बोलत असेल, तर त्याच्यावर प्रीती कशी करायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. समाज असा दुभंगलेला असताना, उघड आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या शेजाऱ्यावर ख्रिस्ती माणसाने प्रीती कशी करायची? आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याला उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

क्षमा करा, प्रार्थना करा, त्याच्या अडचणीला धावून जा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी वेगळं सांगतो. त्याच्याकडे काहीतरी मागा. खरोखर गरज असेल ते मागा.

समोरच्या दाराशी आमचं दीड वर्ष बोलणं नव्हतं. ख्रिस्ती लोक पैसे देऊन माणसं ओढतात अशा अर्थाचा एक मेसेज तिथल्या गृहस्थांनी ग्रुपवर टाकला होता. मी विचारलं, "माझ्या घरासमोर राहता, असं कधी पाहिलंत का?" शब्दाने शब्द वाढला, आणि जिन्यात समोरासमोर आलो तरी आम्ही मान वळवायला लागलो.

माझ्या बाबांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. घरात रात्रंदिवस ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं. एका रात्री दीड वाजता वीज गेली. मशीन शिट्टीसारखा लांब आवाज करत बंद पडलं. राखीव सिलिंडरचा काटा शून्याला टेकलेला. तो भरून आणायचं काम माझं होतं आणि ते राहून गेलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघांना फोन लावला. एकाचा बंद होता. दुसरा लगेच निघतो म्हणाला, पण पोचायला पाऊण तास. त्यांचा दोष नाही, ते लांब राहतात. अँब्युलन्सलाही तेवढाच वेळ लागणार होता.

समोरच्या दाराखालून उजेड दिसत होता. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे हे मला माहीत होतं. तरी बेलपर्यंत हात जाईना. आत बाबा तोंडाने श्वास ओढत होते आणि मी बाहेर दीड वर्षापूर्वीचा मेसेज आठवत उभा होतो. ते अर्धं मिनिट मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी दार उघडलं. मी म्हणालो, "बाबांचं मशीन बंद पडलंय. तुमच्याकडून वायर ओढू का?" त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वॅटचं आहे?" मशीनच्या मागे साडेतीनशे लिहिलं होतं. ते आत गेले आणि घरातले पंखे, दिवे एकेक करून बंद केले, बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून. त्यांची लहान मुलगी उकाड्याने उठून रडायला लागली, तिला त्यांची बायको पुठ्ठ्याने वारा घालत बसली. एक्स्टेन्शनची वायर त्यांच्या उंबऱ्यावरून आमच्या उंबऱ्यापर्यंत आली. वायरीमुळे दोन्ही दारं लावता येत नव्हती. सव्वाचारला वीज येईपर्यंत ती उघडीच राहिली. ते इन्व्हर्टरच्या दिव्यावर लक्ष ठेवून स्टुलावर बसले होते, मी बाबांच्या उशाशी. फारसं बोललो नाही.

त्यानंतर मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा वाचला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची, येशूने सांगितलेली गोष्ट आपण अशी ऐकतो की आपणच तो शोमरोनी, आणि वाटेत पडलेला बिचारा दुसरा कोणीतरी. पण ऐकणारे यहुदी होते आणि शोमरोनी त्यांच्या विरोधातला माणूस होता. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्त्याने पाडलं होतं, ख्रिस्ताच्या शंभराहून अधिक वर्षं आधी. लूकच्या आधीच्याच, नवव्या अध्यायात, एका शोमरोनी गावाने खुद्द येशूला उतरू दिलं नाही, आणि त्याचे शिष्य याकोब व योहान त्या गावावर आकाशातून अग्नी मागायला निघाले. त्याने त्यांना धमकावलं. आणि पुढच्याच अध्यायात त्याच लोकांपैकी एकाला गोष्टीत मदत करणारा केलं! एका यहुदी शास्त्र्याने येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण. गोष्ट संपल्यावर येशूने विचारलं, लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला. शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघत नाही. तो म्हणतो, दया करणारा.

योहानाच्या चौथ्या अध्यायातही तेच. विहिरीवर येशू त्या शोमरोनी बाईला आधी काही देत नाही. 'मला प्यायला दे' म्हणतो. भांडंही तिचंच. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, हे तिथेच लिहिलं आहे.

नुसतं देत राहिलं की आपण वर राहतो आणि समोरचा खाली. मागितलं की बरोबरीने उभं राहावं लागतं. म्हणून मला ते जास्त अवघड वाटतं, आणि जास्त ख्रिस्ती वाटतं.

माझ्या दादाला हे पटत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "त्याच्याकडे कशाला गेलास? आपली माणसं मेली होती का?" मग प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय: विशेषकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं बरं करा. अरे, पण त्याच वचनात 'सर्वांचं बरं करावं' हे आधी आहे! मग करिंथकरांस दुसरं पत्र, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. तोच पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, जगातल्या लोकांपासून दूर राहायचं तर जगच सोडावं लागेल असं म्हणतो. आणि दहाव्यात म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. दादा ही दोन वचनं कधी वाचून दाखवत नाही. पाळकांसमोरही हा वाद झाला आहे. 'दोघांचंही बरोबर' म्हणून त्यांनी तो मिटवला, मला ते मान्य नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. शेजारी धमक्या देत असेल, अंगावर येत असेल, तर त्याची बेल वाजवायला जाऊ नका. पोलिसांत तक्रार करा. शत्रूवर प्रीती म्हणजे मार खाणं नव्हे. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलाने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि नंतर कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली. आणि माझे शेजारी बदलले असंही समजू नका. अजूनही ते मला न पटणारे मेसेज टाकतात. मी ग्रुपवर उत्तर देत नाही. संध्याकाळी दार वाजवतो आणि तोंडावर सांगतो, तुमचं हे खोटं आहे. कधी ते ऐकतात, कधी वाद होतो.

दादा, तू हे वाचशील. बाबा असताना तू आलास तेव्हा दारामागच्या खिळ्यावर गुंडाळून ठेवलेली लांब वायर बघून ही कशाला म्हणून विचारलं होतंस. मी विषय बदलला होता. ती त्यांची होती. पुन्हा वीज गेली तर शोधाशोध नको म्हणून त्यांनीच आणून दिली होती. बाबा गेल्यावर परत करायला गेलो, तर राहू दे म्हणाले.