भाषण राहू दे, आधी ताशाकडे कान दे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला पण उत्तर द्यायला आज वेळ मिळाला. दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांचं मिळून ढोलपथक काढायचं म्हणतेस, छान आहे, पण पहिल्याच दिवशी "आपण सगळ्या एक" असं भाषण ठेवलंयस ना, ते आधी काढून टाक. का ते सांगते, जरा लांबून येते, थेट रवांडावरून.

रवांडाच्या दक्षिणेला बुतारे नावाचं विद्यापीठाचं गाव आहे, आता हुये म्हणतात. तिथे २००४ मध्ये ओडिल गाकिरे कातेसे, जिला सगळे किकी म्हणतात, तिने बायकांचं ढोलपथक काढलं, इंगोमा न्श्या. १९९४ च्या नरसंहाराचे ते शंभर दिवस होऊन दहाच वर्षं झाली होती गं. आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची, आणि मारणारे, बहुतेक हुतू समाजाचे, कितीतरी ठिकाणी शेजारीच होते. पथकात विधवा आल्या, अनाथ मुली आल्या आणि ज्यांचे नवरे त्याच खुनांसाठी जेलमध्ये होते त्याही आल्या. सगळ्या एकाच रांगेत, प्रत्येकीच्या हातात दोन काठ्या. (आणि आपल्या दोन गल्ल्यांचं भांडण कशावरून, तर पाण्याच्या टाकीवरून.)

तिकडे बाईने ढोलाला हात लावायचा नाही अशी जुनी रीत. त्यांच्या भाषेत इंगोमा म्हणजे ढोल आणि इंगोमा म्हणजेच राज्यसुद्धा, राजाचा कालिंगा नावाचा ढोल हीच सत्तेची खूण, मग बायकांना कोण हात लावू देतंय. पण मला वाटतं याच बंदीचा त्यांना फायदा झाला, कारण हुतू असो की तुत्सी, कुठल्याच बाईला आधीपासून येत नव्हतं, सगळ्या सारख्याच कच्च्या. म्हणून म्हणते, तुझ्या त्या दोन जुन्या वाजवणाऱ्या मैत्रिणींना पुढे उभं करू नकोस, बाकीच्या लगेच प्रेक्षक होतात.

त्यांच्या ताफ्यात इशाक्वे म्हणून एक छोटा, टणटणीत आवाजाचा ढोल असतो, तो लय धरतो आणि मोठे ढोल त्याच्यामागे जातात. आपला ताशाच समज. पहिला हात बसेपर्यंत बाईचा जीव त्या ताशात अडकलेला असतो, चुकलं की लाज, तळव्याला फोड, घामाने टिपरू निसटतंय, अशात शेजारची कुठल्या गल्लीतली हे बघायला फुरसत कुणाला? ब्रेकमध्ये तिच्याकडेच पट्टी मागावी लागते. बोलणं तिथून सुरू होतं, तू मध्ये पडू नकोस. आणि झालंगेलं विसरा असं तर चुकूनही म्हणू नकोस, ज्याचं जळलंय त्याला ते फार लागतं.

अजून एक, नुसत्या ढोलाने भागत नाही. किकीच्या बायकांना घर चालवायचं होतं म्हणून २०१० मध्ये त्यांनी आइसक्रीमचं दुकान टाकलं, इंझोझी न्झिझा, म्हणजे गोड स्वप्नं, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या आइसक्रीमवाल्या बायकांनी हात दिला. तेव्हा सुपारीचे पैसे आले की वाटणी कशी होणार हे आत्ताच सगळ्यांसमोर वहीत लिही. मी एका पथकात होते तिथे हे कुणी लिहिलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी पथक फुटलं, आणि वाजवत होतो झकास.

आणि ढोल म्हटला की माणसं आपोआप जवळ येतात असं धरून चालू नकोस. शेजारच्या बुरुंडीत तशाच ढोलांची परंपरा, २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि २०१७ मध्ये सरकारने फतवाच काढला की बायकांनी ढोल वाजवायचा नाही.

रविवारी सकाळी सातला ये, दोन्हीकडच्या चार-चार जणींना घेऊन. ढोल माझ्याकडे सहाच आहेत, आठ जणींत आळीपाळीने वाजवायला लागतील, तेच बरंय. बोटांना लावायला चिकटपट्टी आण, दोन रोल तरी.

तुझी,
ताई