प्रूफ, पार्टी आणि पेमेंट : न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची जडणघडण वेगळी असलेल्या) कलाव्यावसायिकांचे प्रश्न आणि उत्तरं

विश्रामबाग, सांगली : लग्नपत्रिका डिझाइन करते. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि काम सुरू करणं अवघड जाणं) निदान तिशीत झालं. प्रत्येक काम शेवटच्या रात्रीच होतं. स्वतःला आधीच्या खोट्या तारखा देऊन पाहिल्या, उपयोग झाला नाही.

खोटी तारीख चालत नाही, कारण ती खोटी आहे हे तुम्हाला आतून ठाऊक असतं. एडीएचडीमध्ये काम महत्त्वाचं आहे हे कळूनही हात लागत नाही. कोणी खरोखर वाट पाहत असलं की लागतो. म्हणून तारखेऐवजी माणूस नेमा. ॲडव्हान्स घेतानाच पार्टीला, म्हणजे ग्राहकाला सांगा, ‘मंगळवारी अकराला प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) बघायला या.’ ‘व्हॉट्सॲपवर टाकते’ म्हणालात की मंगळवारची रात्र होणार.

मग वेळेचा अंदाज. ‘दोन तासांचं काम’ म्हणताना तुम्ही फक्त डिझाइन धरता. पुढच्या तीन पत्रिकांना मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि मजकूर मिळवणं, टायपिंग, करेक्शन, प्रेसला फाइल देणं यांचे आकडे वेगवेगळे लिहा. वेळ नक्षीवर जात नाही, नावांवर जातो. कोणत्या काकांचं नाव आधी, मामाकडचे कोण राहिले, नवरदेवाची पदवी लावायची की नाही, यावर घरात एकमत होईपर्यंत फाइल पुन्हा पुन्हा उघडावी लागते. प्रत्येक वेळी हातातलं काम तुटतं, आणि तुटलेल्या कामावर परत बसणं तुम्हाला इतरांपेक्षा महाग पडतं. तेव्हा मजकूर घरातल्या एकाच माणसाने सही करून द्यायचा. दोन करेक्शन दरात, तिसऱ्याला जादा आकार. ५० टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. हे पावतीवर छापून घ्या. तोंडी सांगायला गेलात तर समोरच्याचा चेहरा बघून तुम्ही सूट देणार.

भिंतीवर फळा लावून तीन खण आखा : ‘हातात’, ‘पार्टीकडे’, ‘प्रेसला’. ‘हातात’ या खणात तीनच चिठ्ठ्या. चौथ्या पार्टीला पुढची तारीख. रात्री काम आवरून उठताना उद्याची पहिली कृती लिहून ठेवा. ‘पत्रिका करणे’ असं लिहून भागत नाही. ‘फाइल उघडून मुहूर्ताची ओळ बसवणे’ असं लिहा.

चातुर्मासात पत्रिका आटतात आणि गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, फ्लेक्स सुरू होतात. ही कामं रोखीनेच घ्या. विसर्जनानंतर वसुलीला फिरणं कुणालाच आवडत नाही, आणि तुमच्याकडून तर ते हमखास राहून जाईल.

कराड : कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करतो. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आहे. कोटेशनमध्ये आकडे उलटे पडतात. मागच्या ऑर्डरला दुकानाचा मोबाइल नंबरच चुकला.

‘नीट लक्ष देऊन वाचत जा’ हा सल्ला कानाआड करा. वाचून चूक सापडत असती तर ती झालीच नसती. मोबाइल नंबर वाचायचाच नाही. प्रूफवर बघून डायल करायचा. दुकानदाराच्या खिशात वाजला की बरोबर. क्यूआर कोड स्कॅन करून नाव त्याचंच येतंय का ते बघायचं. मजकूर फोनला मोठ्याने वाचायला लावा. गळलेला शब्द कानाला लगेच कळतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाहीत, त्याला दुसरा माणूसच हवा. हे सगळं पॉझिटिव्ह फिल्म (स्क्रीनवर डिझाइन उतरवायची पारदर्शक प्रत) काढण्याआधी. एकदा एक्स्पोजर (प्रकाश) दिलं की चूक स्क्रीनवरच्या इमल्शनच्या थरात पक्की होते. मग स्क्रीन साफ करा, पुन्हा कोट करा, वाळवा, आणि फिल्मचा खर्च वेगळा.

तोंडी आकडा घेताना ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिला जातो, कारण आपल्याकडे एकक आधी बोलतात. पार्टीला ‘पाच, तीन’ असा एकेक अंक सांगायला लावा. हाताने लिहिलेले ३ आणि ६, १ आणि ९ फसवतात, म्हणून रक्कम अक्षरीही लिहा. रुंदी-उंचीची अदलाबदल टाळायला ऑर्डर फॉर्मवर पिशवीचं चित्र छापा आणि माप बाणाशेजारी भरा. पार्टीने पाठवलेला मजकूर पुन्हा टाइप करू नका, कॉपी करा. फक्त युनिकोडमधून (मोबाइलवरच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमधून) छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेल्यावर रफार आणि जोडाक्षरं तपासा.

सातारा : चित्रकार आहे, स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) वर्णपटावर. ‘जरा उठावदार करा’ म्हणजे नेमकं काय, ते कळत नाही. सारखे फोन येतात. प्रदर्शनात तासाभरात डोकं बधिर होतं. निदान ग्राहकांना सांगावं का?

‘उठावदार’ म्हणजे काय ते बहुधा ग्राहकालाही माहीत नसतं. त्याला विचारत बसू नका, तीन लहान नमुने पुढे ठेवा : एकात रंग गडद, एकात रेषा जाड, एकात मुख्य आकृती मोठी. बोट ठेवायला सांगा.

निदान सांगायची गरज नाही, कामाची पद्धत सांगा. व्हॉट्सॲप बिझनेसवर तयार उत्तर ठेवा : ‘फोन दुपारी ४ ते ५. बाकी वेळी लिहून कळवा, त्याच दिवशी उत्तर देतो.’ फोन झाल्यावर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून चार ओळी पाठवा आणि ‘होय’ आल्यावरच ब्रश उचला. सुरुवातीला काही जण नाराज होतील. त्यातले बरेचसे तेच असतात जे पुढे पैशालाही त्रास देतात.

प्रदर्शनात स्पीकरपासून लांबचा, एका बाजूला भिंत असलेला कोपऱ्यातला स्टॉल मागा. किमती चिकटवा, घासाघीस भावाबहिणीवर सोपवा, इअरप्लग आवाज सुरू होण्याआधीच घाला.

मिरज : एडीएचडी आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढून कर्ज मिळेल, असं वडील म्हणतात. शिवाय एका कंपनीने लोगोचे पैसे थकवलेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. एडीएचडीसोबत यातलं एखादं असणारे पुष्कळ जण असतात, तेव्हा तपासणी पूर्ण करून घ्या. बहुतेक सवलतींना प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

थकबाकीसाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) महत्त्वाची. ती आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते; पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे करता येते. थकलेलं काम नोंदणीआधीचं असेल तर हा आधार मिळणं अवघड, म्हणून पुढचं काम घेण्याआधी नोंदणी करा. बिलावर उद्यम क्रमांक टाका, आणि फाइल मिळाल्याचा पार्टीचा मेसेज त्या बिलासोबतच ठेवा. मुदतीचे दिवस तिथपासून मोजले जातात.