गेस्टाल्टचे नियम (सुटे तुकडे एकत्र धरून आपण पूर्ण आकार कसा बघतो, हे सांगणारे मानसशास्त्रातले नियम) माणसाच्या नजरेसाठी आहेत, कॉम्प्युटर व्हिजनला, म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला लावण्याच्या तंत्राला, त्यांचा उपयोग होतो का?

होतो, पण पुस्तकात वाटतो तितका सरळ नाही.

मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमरने १९२३ साली ठिपके आणि रेघा मांडून दाखवलं की जवळचे, सारखे किंवा एका ओघात जाणारे ठिपके आपण आपसूक एकत्र धरतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

खरी गंमत मानसशास्त्रज्ञ कानिझाच्या त्रिकोणात आहे (१९५५). तीन काळ्या चकत्या घ्या, प्रत्येकीतून पाचर कापा आणि कापलेल्या बाजू आत वळवा. मध्ये पांढरा त्रिकोण दिसतो, तोही कागदाहून जरा उजळ! कडा शोधणारा साधा प्रोग्राम शेजारच्या पिक्सेलांमधला फरक मोजतो. दोन चकत्यांमधल्या जागेत फरक शून्य, म्हणून तिथे त्याला काहीच सापडत नाही.

मग लोकांनी नियमच कोडमध्ये घातले. रस्त्यावरचे तुटक पांढरे पट्टे एका रेषेत येतात का हे हफ ट्रान्सफॉर्मने (सुट्या ठिपक्यांमधून सरळ रेषा शोधणाऱ्या पद्धतीने) तपासायचं आणि त्यांची एकच लेन धरायची, हे त्याचं चांगलं उदाहरण.

डीप लर्निंगमध्ये असे नियम कोणी हाताने लिहीत नाही, न्यूरल नेटवर्क नावाचा प्रोग्राम ढीगभर फोटोंवरून स्वतःच शिकतो. पण हे नेटवर्क काय शिकतं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवली. माणसं म्हणाली मांजर, नेटवर्क म्हणालं हत्ती. कातडी बदलून बदलून शिकवल्यावर मात्र ते आकाराकडे बघू लागलं.

तुमच्याकडे फोटो थोडे असतील, तर माझ्या मते लेनसारख्या कामाला जुना हफच आधी वापरून बघा.