मदत कुठे थांबवायची, हे ताईंना कुणी सांगितलंय का?

तुमच्या वर्गातल्या मदतनीस ताई वयाने मोठ्या आहेत आणि ज्या मुलाला जास्त मदत लागते, त्याचं काम त्याच करून टाकतात. सहशिक्षिका मुलांसमोरच तुमचं बोलणं खोडून काढतात. कुणाला न दुखवता हे बोलायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. वर्गात दुसरं मोठं माणूस असण्याची मला वीस वर्षांची सवय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ताईंचं. त्यांना आपण बहुतेकदा एवढंच सांगितलेलं असतं, "याच्याकडे लक्ष द्या." शेजारी बसलेल्या माणसाला मूल अडलेलं बघवत नाही, हात आपोआप पुढे जातो. शिक्षण-संशोधक मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वर्गांचा यावरच अभ्यास मांडला होता. मदतनीस सतत चिकटून राहिले की मूल मोठ्यांवर विसंबायला लागतं, सोबतच्या मुलांपासून तुटतं, आणि वर्गशिक्षकही त्याची जबाबदारी नकळत मदतनिसावर सोडून मोकळे होतात. हे शेवटचं मला फार लागलं, कारण मीही तेच करत होते.

माझ्या वर्गातला एक मुलगा वही उघडायच्या आधी ताईंच्या तोंडाकडे बघायचा. मी ताईंना म्हटलं, "जरा कमी मदत करा." त्या दुखावल्या आणि दोन दिवस भिंतीला टेकून लांब बसल्या. चूक माझीच होती. कमी म्हणजे किती, हे मी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही दोघींनी बसून एका कार्डावर लिहिलं: वही तो स्वतः उघडेल. अडला तर मनात पाचपर्यंत मोजायचं. मग बोटाने ओळ दाखवायची. तरीही जमलं नाही तर पहिलं अक्षर सांगायचं. पेन्सिल त्याच्या हातातून घ्यायची नाही. पुढच्या आठवड्यात ताईच मला म्हणाल्या, "बाई, चार म्हणेपर्यंत लिहायला लागतो हो तो!"

मोजणं किरकोळ वाटेल, पण तसं नाही. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी १ सेकंदच थांबत होते. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलायला लागली.

ताईंकडून माहिती घेतानाही प्रश्न नेमका हवा. "कसा होता आज?" म्हटलं की "छान होता" हेच येतं. "आज नेमका कुठे अडला?" असं विचारा. दिवसभर त्या त्याच्याजवळ असतात, आपल्याला न दिसलेलं त्यांना दिसलेलं असतं. त्यांनी सांगितलेलं दुसऱ्या दिवशीच्या तयारीत दिसलं, की वयाचा प्रश्न फारसा आड येत नाही. आणि तक्रार असेल तर ती आधी त्यांच्याशी, एकट्याने. मुख्याध्यापकांमार्फत निरोप पाठवलात तर पुढे वर्षभर जड जाईल.

सहशिक्षिकेचं दुखणं वेगळं. एकीने शिकवायचं आणि दुसरीने फिरत मदत करायची, हीच पद्धत रोज चालली की दुसरीला वर्गात जागाच उरत नाही. मग ती जागा मधे बोलून मिळवावी लागते. तुमच्याकडेही असंच होत असेल, असं मला वाटतं. दोन गट करून दोघींनी तोच धडा शिकवा, किंवा एका तासाची सुरुवात पूर्ण त्यांच्याकडे द्या. आठवड्यातली १५ मिनिटं फक्त या ठरवाठरवीसाठी राखून ठेवा. जिन्यात उभ्या उभ्या बोललेलं धरू नका.

मधे बोलण्यासाठी एक वाक्य आधीच ठरवून घ्या. आमचं होतं, "मी यात थोडी भर घालू?" फळ्यावर चूक दिसली तर आम्ही चिठ्ठी सरकवायचो. मुलांना दोघींपैकी हो म्हणणारी बरोबर सापडते, म्हणून परवानगी मागायला आलेल्या मुलाला पहिला प्रश्न एकच: "दुसऱ्या बाईंना विचारलंस का?"

तुम्ही सुरुवात कार्डापासून करा. फक्त ते घरून लिहून आणू नका, कोरं कार्ड ताईंसमोर ठेवा आणि पहिली ओळ त्यांना विचारून लिहा.