स्लीव्ह सर्जरीनंतर बाराव्या दिवशी आईला डाळीचं पाणी पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की आईला डाळीचं पाणी, तांदळाची पेज आणि नारळपाणी चालू आहे, उठताना चक्कर येते आणि पोळी-भाजी कधी द्यायची ते हवंय. मी बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करायला जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचाच आहार बघते, त्यामुळे आधी डाळीच्या पाण्याबद्दलच लिहिते.

त्यात प्रथिनं जवळपास नसतात. वरचं पाणी काढलं की मीठ, हळद आणि थोडा स्टार्च वाटीत येतो, प्रथिनं गाळात राहतात. आईला रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुरीच्या 100 ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण 22 ग्रॅम असतात. म्हणजे पाणी सोडा, घट्ट वरणातून 60 ग्रॅम काढायचे तरी पावशेराहून जास्त डाळ शिजवावी लागेल, आणि स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकल्यावर उरलेल्या जठरात एका वेळी मावतं 100-150 मिली.

एक बाई पाचव्या आठवड्यात आल्या होत्या. वजन झपाट्यानं उतरत होतं म्हणून घर खूश. पण हाताचा आधार घेतल्याशिवाय त्यांना खुर्चीवरून उठता येत नव्हतं. यजमानांनी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं: सकाळी डाळीचं पाणी, दुपारी तेच तूप घालून, रात्री पेज. बेरीज केली तर दिवसाला 15 ग्रॅमही भरेनात. चरबीबरोबर स्नायूही जात होते. सासूबाई म्हणाल्या, आजाऱ्याला आम्ही हेच देतो. अहो, तापातून उठलेला माणूस चार दिवसांत जेवायला लागतो, ह्यांना अजून कित्येक महिने पोटभर खाता येणार नाही! त्यात त्यांच्याजवळ रुग्णालयाचा छापील तक्ता होता, आणि त्यात प्रथिनांच्या रकान्यात पहिलंच नाव डाळीचं पाणी. असा तक्ता छापणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि ते मी सोडणार नाही.

आता तुमच्या आईसाठी. 200 मिली साय काढलेलं दूध आणि व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रथिनांच्या पुडीचा, एक चमचा (डब्यातलाच, साधारण 25 ग्रॅम प्रथिनांचा) म्हणजे 32 ग्रॅम. असं दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी तासभर घोट घोट. दुधानं पोट बिघडत असेल तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळपास काढलेली पूड) पाण्यात. बाकी पातळ ताक, गाळलेलं सूप. एकूण द्रव दीड लिटर, म्हणजे 30 मिलीचे 50 पेले. जागेपणी दर 18 मिनिटांनी एक. नारळपाणी ह्या हिशोबात धरा, पण प्रथिनांत नाही. साखर घातलेलं काहीही नको.

चक्कर बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यानं येते. लघवी गडद असेल तर तेच समजा. पण बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या जुन्याच डोसनं चालू असतील तर आजच सर्जनना फोन करा. खाणं इतकं घटल्यावर तो डोस जास्त होतो.

पोळी सगळ्यात शेवटी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं घट्ट वरण, चक्का, कुस्करलेलं पनीर किंवा मऊ अंडं. पाचव्या-सहाव्यात वाफवलेला मासा, मऊ भाजी. ताजी मऊ पोळी आणि भात आत गोळा होऊन अडकतात, सहा-आठ आठवड्यांआधी नकोच. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी थांबा. कॅल्शियम सायट्रेटचं घ्या, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

हे सगळं स्लीव्हसाठी आहे. बायपास (जठर लहान करून आतडंही वळवण्याची शस्त्रक्रिया) असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. ताप, नाडी 120 च्या वर किंवा डाव्या खांद्यात दुखणं असेल तर आहाराचं बघत बसू नका, रुग्णालय गाठा. आणि दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं (जीवनसत्त्व बी-1) इंजेक्शन दिलंय का, हे तोंडानं विचारा. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.